अहवाल स्वच्छ, मग मासे का मेले? सजीव जैवसंवेदकांची ओळख

नदीत किंवा तळ्यात अचानक मेलेले मासे तरंगू लागतात, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि काही दिवसांनी अहवाल येतो की तपासलेले सर्व घटक मर्यादेत आहेत. अशी बातमी वाचली की सामान्य वाचकाला दोनच शक्यता दिसतात: एक तर अहवाल खोटा असावा, नाही तर मासे दुसऱ्याच कशाने मेले असावेत. तिसरी शक्यता सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती अशी की अहवालही खरा असतो आणि पाणीही विषारी असते.

अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परिसरात नेमके हेच घडले. समुद्रातून अंडी घालण्यासाठी शहरी ओढ्यांत परतणारे कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडून गेल्यावर काही तासांत तोल जाऊन, पृष्ठभागावर तोंड उघडून तडफडत मरत, आणि माद्यांच्या पोटात अंडी तशीच राहिलेली असत. संशोधकांनी पाण्याचे तापमान, प्राणवायू, रोगजंतू, धातू, कीटकनाशके असे नेहमीचे संशयित एकेक करून तपासले, पण दोष कुणावरच सिद्ध होईना. हे कोडे सुटायला जवळपास दोन दशके लागली, आणि ते सुटले ते माशांनाच मोजमापाचे साधन मानल्यामुळे. ते कसे, हे पुढे येईलच. आधी मुळात अहवालात काय असते आणि काय नसते, हे पाहणे आवश्यक आहे.

यादीतले विष आणि यादीबाहेरचे विष

रासायनिक तपासणी अत्यंत अचूक असते, पण ती विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. शिसे किती, पारा किती, अमुक कीटकनाशक किती, असे विचारले तर ती एक अब्ज भागांत एक भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंतही सांगू शकते. जे विचारलेच नाही, त्याबद्दल मात्र ती गप्प राहते. जगभरातील देशांच्या रसायन नोंदवह्या एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उत्पादन आणि वापरासाठी नोंदलेल्या रसायनांची व मिश्रणांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक असल्याचे दिसून आले. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत यांपैकी काही डझन, फार तर काही शे पदार्थ शोधले जातात. शिवाय पाण्यात पडलेले रसायन ऊन, हवा आणि जिवाणू यांच्यामुळे बदलते, आणि त्यातून तयार होणारे नवे पदार्थ बहुधा कोणत्याच नोंदवहीत नसतात.

पहारेकऱ्याच्या हाती फरारी चोरांच्या छायाचित्रांची यादी दिली, तर यादीतला चोर तो बरोबर ओळखेल, पण यादीत नसलेला चोर त्याच्यासमोरून सहज निघून जाईल. राखणीचा कुत्रा चोराचे नाव सांगू शकत नाही. मात्र कुणी अनोळखी कुंपणाच्या आत आले की तो भुंकतो. जिवंत संवेदकाचे काम या कुत्र्यासारखे असते, आणि त्याच्या मर्यादाही बऱ्याच अंशी तशाच असतात.

मिश्रणांच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो. २००२ साली लंडनमधील संशोधकांनी स्त्री-संप्रेरकासारखा सौम्य परिणाम करणारी आठ रसायने घेतली आणि प्रत्येकाची मात्रा इतकी कमी ठेवली की एकट्याने तिचा परिणाम दिसू नये. ती आठही एकत्र करून किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, खास तयार केलेल्या पेशींवर टाकल्यावर मात्र परिणाम स्पष्ट दिसला. रासायनिक अहवालात या आठही ओळींपुढे ‘मर्यादेत’ असेच लिहिता आले असते, आणि त्यातली एकही ओळ खोटी ठरली नसती.

जैवसंवेदक म्हणजे नेमके काय?

संवेदक म्हणजे सेन्सर. ज्या सेन्सरमध्ये जाणीव टिपण्याचे काम जैविक घटक करतो, त्याला जैवसंवेदक म्हणतात. रक्तातील साखर मोजण्याची पट्टी हाही एक जैवसंवेदकच आहे, पण तिच्यात जिवंत काही नसते, केवळ एक एन्झाइम असते. या लेखाचा विषय त्यापुढचा आहे: ज्यात संपूर्ण जिवंत पेशी किंवा संपूर्ण प्राणी वापरला जातो, तो सजीव संवेदक.

यासाठी तीन गोष्टी लागतात. विषाला प्रतिसाद देणारा जीव हवा, त्या प्रतिसादाची आकड्यांत नोंद करणारे उपकरण हवे, आणि तो जीव निर्धोक स्थितीत कसा वागतो याची आधीपासूनची माहिती हवी. कोळशाच्या खाणीत नेले जाणारे कॅनरी पक्षी हे या कल्पनेचे सर्वपरिचित रूप आहे. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी छोटे प्राणी वापरावेत असे सुचवले होते, आणि ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत चालू राहिली. पण कॅनरी केवळ ‘ठीक’ आणि ‘कोसळला’ एवढेच सांगत असे. आजच्या सजीव संवेदकाकडून अपेक्षा अशी असते की जीव मरण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वागण्यातला बारीक बदल मोजता यावा.

प्रकाश मंदावला की समजावे

या क्षेत्रात दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला एक जीव म्हणजे ॲलिव्हिब्रिओ फिशेरी हा समुद्री जिवाणू. हवाई बेटांजवळ राहणाऱ्या एका लहानशा स्क्विडच्या शरीरात तो वस्ती करतो आणि निळसर-हिरवा प्रकाश देतो. त्या प्रकाशामुळे खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला चांदण्यात स्क्विडची सावली दिसत नाही. हा प्रकाश ल्युसिफरेज नावाच्या एन्झाइममुळे निर्माण होतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीच्या श्वसनाशी जोडलेली असल्यामुळे, पेशीच्या कारभारात कुठेही बिघाड झाला की प्रकाश लगेच मंदावतो. बिघाड श्वसनात झाला, पेशीच्या आवरणात झाला की प्रथिनांत झाला, याने फरक पडत नाही. या चाचणीचे खरे बळ हेच आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या जिवाणूवर आधारलेली ‘मायक्रोटॉक्स’ ही चाचणी विकसित झाली, आणि पुढे आयएसओ ११३४८ या क्रमांकाने तिचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. गोठवून सुकवलेले जिवाणू पाण्यात पुन्हा जागे केले जातात, पंधरा अंश सेल्सियस तापमानाला त्यांचा मूळ प्रकाश मोजला जातो, मग त्यांत नमुना मिसळून ५, १५ आणि ३० मिनिटांनी प्रकाश पुन्हा मोजला जातो. नमुन्याच्या ज्या तीव्रतेला प्रकाश निम्म्यावर येतो, त्या तीव्रतेला ‘अर्धप्रभावी तीव्रता’ म्हणता येईल. हा आकडा जितका लहान, तितके विष जहाल, कारण थोडक्यातच काम होते. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत हा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो.

या चाचणीच्या मर्यादाही तिच्या रचनेतच आहेत. जिवाणू समुद्री असल्याने नमुन्यात सुमारे दोन टक्के मीठ घालावे लागते, आणि मिठामुळे काही धातूंचे रूप बदलते. नमुना गडद रंगाचा किंवा गढूळ असेल तर प्रकाश विषामुळे कमी झाला की रंगाने गिळला, हे वेगळे करावे लागते. वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण रोखणारे तणनाशक तर या जिवाणूला फारसे जाणवतच नाही, कारण तो प्रकाशसंश्लेषण करत नाही. त्यासाठी शैवाल लागते: असे तणनाशक पोहोचले की शैवालातील हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा वापरली न जाता प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि ती मोजता येते.

नदीवरचा अखंड पहारा

नमुना प्रयोगशाळेत नेऊन तपासणे आणि नदीवर रात्रंदिवस लक्ष ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवताना मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत वाहून गेली. नदी लाल झाली, आणि खाली शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात ईल मासे प्रचंड संख्येने मेले. लाल रंगामुळे निदान संकट डोळ्यांना दिसले तरी. रंगहीन विष असते तर काय झाले असते, या प्रश्नाने नदीकाठच्या देशांना घेरले. पुढच्या वर्षांत ऱ्हाइनच्या काठावरील निरीक्षण केंद्रांत सजीव संवेदक बसवले गेले.

त्यांत डाफ्निया नावाचा, काही मिलिमीटर लांबीचा पारदर्शक जलजीव प्रमुख होता. पाण्यात उड्या मारत पोहतो म्हणून त्याला पाणपिसू म्हणतात. नदीचे पाणी सतत एका छोट्या काचपात्रातून वाहवले जाते आणि त्यातील डाफ्नियांच्या पोहण्याचा वेग, खोली आणि वळणे कॅमेरा टिपत राहतो. त्या एकाएकी सैरावैरा धावू लागल्या किंवा मंदावल्या, की संगणक इशारा देतो. डाफ्नियाच का? अनुकूल परिस्थितीत त्यांच्या माद्या नराविना पिल्ले घालतात, त्यामुळे सर्व पिल्ले जनुकीयदृष्ट्या एकसारखी असतात, आणि मोजमापाच्या साधनाकडून हवा असतो तो एकसारखेपणा फुकटात मिळतो.

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे पिण्याच्या पाण्यासाठी शिंपल्यांचा वापर होतो. आठ शिंपल्यांच्या कवचांवर लहान संवेदक चिकटवलेले असतात आणि ते कवच किती उघडे आहे हे सतत कळवत राहतात. शिंपला पाणी गाळून अन्न मिळवतो, त्यामुळे त्याचे कवच बहुतेक वेळ उघडे असते. पाण्यात त्रासदायक काही आले की तो ते घट्ट मिटतो. एखादा शिंपला आपल्या लहरीने मिटू शकतो, पण बरेच शिंपले एकाच वेळी मिटले तर तो योगायोग नव्हे. शिंपल्यांना त्या पाण्याची सवय होऊन त्यांची संवेदनशीलता बोथट होऊ नये, म्हणून काही काळाने ते बदलले जातात. कोट्यवधींच्या यंत्रणेत आठ शिंपल्यांचे मत विचारात घेतले जावे याची गंमत वाटते, पण त्यामागचा विचार अगदी काटेकोर आहे.

हवेसाठीही सजीवांचा उपयोग होतो, मात्र तो बहुधा इतका तत्पर नसतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील दगडफुलांवरून, म्हणजे लायकेनवरून, हवेची प्रत कळते असे विल्यम नायलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ सालीच नोंदवले होते. अलीकडे अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाडांवरच्या शेवाळाचे ३४६ नमुने तपासल्यावर कॅडमियम या धातूचे साठे रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांच्या आसपास आढळले. हवा मोजणारी महागडी यंत्रे तिथे नव्हती. शेवाळ सगळीकडे होते.

एकच विष ओळखणारा, मुद्दाम घडवलेला जिवाणू

इथवरचे बहुतेक जीव ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढेच सांगतात. ठरावीक विषाला ठरावीक उत्तर देणारा जीवही आता घडवता येतो. पुष्कळ जिवाणूंमध्ये आर्सेनिकपासून बचाव करणारी एक स्वयंचलित व्यवस्था निसर्गतःच असते. एरवी एक प्रथिन त्यांच्या डीएनएच्या एका विशिष्ट जागी बसून बचावाची जनुके बंद ठेवते. आर्सेनिक पेशीत शिरून त्या प्रथिनाला चिकटले की ते प्रथिन जागा सोडते, जनुके चालू होतात आणि आर्सेनिक बाहेर फेकणारे पंप तयार होऊ लागतात. संशोधकांनी या जनुकांच्या जोडीला प्रकाश देणारे किंवा रंग तयार करणारे जनुक बसवले. आता आर्सेनिक आले की पंपाबरोबर प्रकाशही निर्माण होतो, आणि प्रकाशावरून प्रमाणाचा अंदाज बांधता येतो.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, आणि हे जिवाणू त्या पातळीच्या आसपास प्रतिसाद देऊ शकतात. स्वित्झर्लंडमधील यान रूलॉफ फान डेर मेर आणि सहकाऱ्यांनी घडवलेले असे जिवाणू व्हिएतनाममधील तांबडी नदी आणि मेकाँग यांच्या त्रिभुज प्रदेशांतील भूजलावर वापरून पाहिले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, जागेवर वापरल्या जाणाऱ्या रासायनिक चाचणी-संचांपेक्षा जिवाणूंचे निदान अधिक भरवशाचे ठरले, जरी काही दूषित नमुने त्यांच्याही नजरेतून सुटले.

इथे एक संकल्पना समजून घ्यायला हवी: जैवउपलब्धता, म्हणजे पाण्यातील विषाचा जो भाग जीवाच्या शरीरात प्रत्यक्ष शिरू शकतो तेवढाच भाग. लोहाच्या गाळाला घट्ट चिकटलेले आर्सेनिक जिवाणूला दिसत नाही, पण प्रयोगशाळेतील यंत्र आम्लात सगळे विरघळवून एकूण प्रमाण मोजते. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. माझ्या मते परिसंस्थेला किती धोका आहे हे ठरवताना पहिला आकडा अधिक उपयोगाचा असतो. मात्र ते पाणी माणसाने प्यायचे असेल तर पोटातले आम्ल हा गाळ पुन्हा विरघळवू शकते, हे विसरून चालणार नाही.

विषाचे नावच कळत नसेल, तर उपयोग काय?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सिॲटलच्या माशांनी दिले. संशोधकांनी प्रथम रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यातील संशयित गोष्टींचे अर्क काढून मासे त्यांत ठेवून पाहिले. टायरच्या झिजेतून निघणाऱ्या कणांचा अर्क मारक ठरला. त्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. मग अर्काचे गुणधर्मांनुसार भाग पाडायचे, प्रत्येक भाग माशांवर तपासायचा, मारक भाग ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असे करत करत एकच पदार्थ उरला. टायर ओझोनमुळे तडकू नये म्हणून त्यात ‘सिक्स-पीपीडी’ नावाचे रसायन घालतात. ओझोनशी अभिक्रिया होऊन त्यापासून बनणारा क्विनोन हा तो पदार्थ होता. डिसेंबर २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तोवर विष म्हणून कोणत्याही तपासणी यादीत त्याचे नाव नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते.

म्हणजे जिवंत संवेदक रसायनशास्त्राची जागा घेत नाही, विष कुठे शोधावे हे त्याला दाखवतो. नदीवरील केंद्रांतही इशारा मिळताच पाण्याचा नमुना आपोआप बाजूला साठवला जातो आणि मगच सविस्तर विश्लेषण होते. विष वाहून गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही, ही जुनी अडचण त्यामुळे दूर होते.

जीव आहे, तो उगाचही बिथरेल

बिथरतोच. तापमान बदलले, प्राणवायू कमी झाला, खाद्य कमी पडले किंवा जीव म्हातारा झाला तरी वागणूक बदलते. म्हणून प्रत्येक चाचणीत शुद्ध पाण्यातला एक गट सोबत ठेवतात. शिवाय ज्याचा परिणाम आधीच ठाऊक आहे असे विष मोजून देऊन जीव अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देतात का, हेही ठरावीक काळाने पाहतात. डाफ्नियासाठी पोटॅशियम डायक्रोमेट यासाठी वापरले जाते. महत्त्वाच्या ठिकाणी जिवाणू, शैवाल, डाफ्निया आणि मासा अशा वेगवेगळ्या पातळ्यांवरचे जीव एकत्र वापरतात. तरीही खोटे इशारे पूर्ण टळत नाहीत, आणि इशाऱ्याची पातळी किती खाली ठेवायची हा निर्णय शेवटी माणसालाच घ्यावा लागतो: फार खाली ठेवली तर कर्मचारी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागतात, फार वर ठेवली तर विष निघून जाते.

शिंपल्याला जे बाधते ते माणसाला बाधेल का?

नेहमीच नाही. तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. डाफ्निया त्याहून कितीतरी पट कमी तांब्याने मरतात. टायरमधील ज्या पदार्थाने कोहो सामन मरतात, त्याच पदार्थात त्यांचाच नातलग असलेला चम सामन सुखरूप राहतो. उलट दिशेचा धोका अधिक गंभीर आहे. आर्सेनिकमुळे होणारा कर्करोग वर्षानुवर्षांच्या सेवनातून होतो, आणि अर्ध्या तासाच्या प्रकाश-चाचणीत त्याचा मागमूसही लागणार नाही. रोगजंतू तर बहुतेक सजीव संवेदकांच्या कक्षेबाहेरच असतात. म्हणून ‘शिंपले उघडे आहेत, तेव्हा पाणी शुद्ध आहे’ असे कुणी सांगत असेल, तर ते विधान चुकीचे आहे. शिंपले उघडे असणे याचा अर्थ एवढाच की त्यांना तातडीने जाणवेल असे काही पाण्यात नाही.

प्राण्यांचा छळ आणि सुटलेले जिवाणू

मासे ९६ तास सांडपाण्यात ठेवून किती मरतात हे मोजण्याची जुनी पद्धत अनेकांना पटत नाही, आणि ते योग्यच आहे. जर्मनीत सांडपाण्याच्या तपासणीसाठी २००५ पासून प्रौढ माशांऐवजी झेब्राफिशची अंडी वापरली जातात. २०२१ मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ट्राउट माशाच्या कल्ल्यांतील पेशींवरची चाचणी मान्य केली. या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात, त्यांच्यासाठी दर वेळी मासा मारावा लागत नाही. सतत निरीक्षणात तर जीव मरू न देणे हाच हेतू असतो, कारण मेलेला संवेदक काहीच सांगत नाही.

जनुकीय बदल केलेले जिवाणू निसर्गात पसरतील ही भीतीही निराधार नाही. त्यामुळे ते सहसा बंद कुपीत वापरून नंतर नष्ट केले जातात. भूसुरुंगांतून झिरपणाऱ्या रसायनाच्या वाफा ओळखून चमकणारे जिवाणू इस्राएली संशोधकांनी २०१७ साली दाखवले, तेव्हा ते जेलीसारख्या मण्यांत बंदिस्त केलेले होते आणि त्यांची चमक लेझरने दुरून टिपली गेली. असे मणी मोकळ्या जमिनीवर पसरायचे झाल्यास मात्र केवळ तंत्राचे नव्हे, तर परवानगीचे प्रश्न उभे राहतात.

इशारा मिळाल्यावर पुढे काय?

तंत्रापेक्षा अवघड भाग इथे सुरू होतो. प्रदूषणाचे कायदे बहुतांशी पदार्थांच्या नावांनी आणि त्यांच्या प्रमाणांनी लिहिलेले आहेत. कारखान्याच्या सांडपाण्यात शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळले तर दोष सिद्ध करता येतो. त्या पाण्याने जिवाणूंचा प्रकाश चाळीस टक्क्यांनी मंदावला, असे म्हटल्यावर कारखानदार कोणत्या पदार्थामुळे, असे विचारणारच. त्यामुळे परिणामालाच मर्यादा ठरवण्याचा विचार पुढे येत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली सुधारलेल्या पुनर्वापर-जल धोरणात, शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरायच्या सांडपाण्यावर पेशींच्या दोन चाचण्या सक्तीच्या केल्या: एक स्त्री-संप्रेरकासारख्या परिणामासाठी आणि दुसरी डायॉक्सिन या अतिविषारी रसायनगटासारख्या परिणामासाठी. पेशींचा प्रतिसाद ठरवलेल्या पातळीपेक्षा वाढला, तर कारणीभूत रसायनाचा शोध घेण्याची जबाबदारी पाणी पुरवणाऱ्यावर येते. नाव कळेपर्यंत थांबायचे नाही, परिणाम दिसताच कामाला लागायचे, हा क्रम यात कायद्याने मान्य केला आहे, आणि सजीव संवेदकांचा प्रसार इतरत्र किती होईल हे बव्हंशी असा क्रम तिथले कायदे स्वीकारतात की नाही यावर अवलंबून राहील.